अकरावं कार्ड

फ्यूजकाका दार वाजवून आत आले, खुर्चीवर बसले नाहीत, खिशातून एक पाकीट काढलं आणि त्यातली कार्डं एकेक करून माझ्या टेबलावर मांडायला लागले, तेव्हा मी 'ऑफिस आपलं वाटावं म्हणून' या विषयाच्या पंधराव्या स्लाइडवर अडकले होते. स्लाइडवर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसणाऱ्या चार माणसांचं चित्र होतं. आमच्या ऑफिसात कुणी कुणाच्या खांद्यावर हात टाकत नाही, टाकला तर एचआर म्हणून माझ्याकडे तक्रार येते. कार्डं बघितली आणि माझा डावा हात आपोआप टेबलाखाली गेला. आधी हात गेला, भीती नंतर वाटली. काकांनी कार्डांच्या कडा बोटाने सारख्या केल्या. या इमारतीतले दिवे, लिफ्ट, पंप आणि गच्चीवरचं एसीचं ते अवाढव्य यंत्र हा माणूस एकट्याने सांभाळतो. त्याचं खरं नाव दोनशे बारा माणसांपैकी फक्त मला माहीत आहे, तेही ते माझ्या कपाटातल्या फायलीवर लिहिलेलं आहे म्हणून. "मॅडम, ही सगळी एकाच माणसाने लिहिलीत," ते म्हणाले, "अक्षर बघा ना. तो माणूस कोण, तेवढं मला शोधून द्याल का?" मी विचारलं, कशासाठी. आवाज जमेल तेवढा कामाचा ठेवला. "मला एका हॉस्पिटलात बोलावलंय. मुलीच्या, नातीच्या गावात. जनरेटर, ऑक्सिजनच्या लाइनी, सगळ्याचा प्रमुख. हाताखाली चार माणसं. शुक्रवारी चारपर्यंत कळवायचंय. नाही म्हणून कळवणार आहे. पण त्याआधी त्या माणसाला एकदा भेटावं म्हटलं." नाही का, असं मी विचारलं नाही. आमच्या प्रशिक्षणात शिकवलेलं असतं की आपण गप्प राहिलो की समोरचा बोलतो, आणि ते खरं आहे, त्याचा मला कधीकधी कंटाळा येतो. "बत्तीस वर्षं नोकरी केली मी, वेगवेगळ्या ठिकाणी," काका म्हणाले. "दिवा गेला की लोक हाक मारतात, आला की विसरतात. ते बरोबरच आहे, त्याबद्दल काही नाही. पण इथे कुणीतरी आहे, मॅडम, जो दिवा चालू असतानाही बघतो. त्याला न सांगता उठून कसं जायचं? त्याला काय वाटेल?"

मी "बघते" म्हणाले. 'बघते' हा आमच्या खात्याचा सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द आहे. ते गेल्यावर मी कार्डं पाकिटात भरली, पाकीट पर्समध्ये, पर्स खालच्या खणात, आणि खणाला कुलूप लावलं. मग कुलूप का लावलं म्हणून स्वतःवर चिडले आणि उघडलं. शुक्रवारी चार म्हणजे दोन दिवस आणि वर थोडे तास. एका माणसाची मुलगी, नात, हाताखालची चार माणसं आणि उरलेली सगळी वर्षं, हे सगळं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला मी, डाव्या हाताने वाकडंतिकडं लिहिणारी.

पहिलं कार्ड मी दयेपोटी लिहिलं असं सांगायला मला आवडेल. तसं नाही. मोठ्या साहेबांनी कुठल्याशा पुस्तकात वाचलं की माणसाला पगाराइतकीच शाबासकी लागते, आणि तीही हाताने लिहिलेली. म्हणून मागल्या वर्षी कॅन्टीनच्या बाहेर 'कौतुकाची भिंत' आली, तिच्याखाली एक पेटी आली, कोरी कार्डं आली. सहकाऱ्याबद्दल काही चांगलं वाटलं की लिहायचं, खाली सही नाही, पेटीत टाकायचं. दर महिन्याला मी पेटी उघडायची, कार्डं भिंतीवर लावायची, महिना संपला की ज्याची त्याला पाकिटातून द्यायची. इथवर ठीक होतं. पण साहेबांना आकडे लागतात. त्यांनी सांगितलं, ज्यांना एकही कार्ड आलं नाही त्यांची यादी वेगळी काढा. त्या यादीला ऑफिसात 'कोरी नावं' म्हणायला लागले. पहिल्या महिन्यात एकोणीस कोरी नावं निघाली आणि साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू त्या एकोणीस जणांना मीच कोरं ठेवलं होतं. दुसऱ्या महिन्यात लोक शहाणे झाले. तू माझं लिही, मी तुझं लिहितो. हिशेब खात्यातल्या सगळ्यांना एकाच दिवशी कार्डं आली, सगळ्यांत 'नेहमी हसतमुख' होतं, आणि त्या खात्यात मी सात वर्षांत एकालाही हसताना पाहिलेलं नाही. एकोणीसची यादी एकावर आली. काका कुठल्याच खात्यात नव्हते, त्यामुळे त्यांचं कुणाशी साटंलोटं जमण्यासारखं नव्हतं. अहवाल दुपारी द्यायचा होता. एका नावासाठी पुन्हा ती नजर झेलायची माझी तयारी नव्हती. मी एक कार्ड घेतलं, केबिनचं दार लावलं आणि माझं अक्षर सगळ्या नोटिशींवर असतं म्हणून पेन डाव्या हातात धरलं. 'हे काम वेळेवर करतात.' तीन शब्द इकडे कललेले, एक तिकडे. लिहून झाल्यावर मला हसू आलं. कुणाला इतकं फिकं कौतुक मिळालं तर तो राजीनामाच देईल. काकांनी मात्र त्या महिन्यात कॅन्टीनमधली खुर्ची बदलली. भिंत दिसेल अशी घेतली.

मग पुढच्या महिन्यात वेळेवर काम करतात हे पुन्हा लिहिता येईना. मला त्यांच्याकडे बघावं लागलं. कार्डापुरतं काहीतरी मिळावं म्हणून मी येताजाता त्यांच्यावर नजर ठेवायला लागले, आणि खरं सांगायचं तर तोपर्यंत मी या ऑफिसात कुणाकडेच बघितलेलं नव्हतं. दोनशे बारा जणांचे वाढदिवस, रक्तगट, रजा मला पाठ होत्या. बघणं वेगळं. ते शिडीवर चढण्याआधी खालच्या माणसाच्या टेबलावर कागद पसरतात, धूळ पडू नये म्हणून. लिफ्ट बंद पडली की आधी आतल्या माणसाशी दारातून बोलत बसतात, दुरुस्ती मग. जिना चढताना दर मजल्याला कठड्याला हात लावून बघतात, सैल झालाय का. हे सगळं मी डाव्या हाताने लिहीत गेले. अक्षर सुधारत गेलं. आणि एखाद्या सकाळी आरशासमोर केस विंचरताना मला वाटायचं की हे काही खोटं नाही, कारण प्रत्येक शब्द खरा आहे, आणि लगेच दुसरीकडे वाटायचं की सगळंच खोटं आहे, कारण त्यांना वाटतंय की हे ऑफिसाने लिहिलंय.

मला हे वाटण्याचं कारण आहे. सातवीत असताना मला शाळेत टापटिपीचं बक्षीस मिळालं. एक छोटा चषक, दोन कान असलेला, सोनेरी. त्याआधी मला कधी काही मिळालं नव्हतं आणि माझी टापटीप म्हणाल तर माझ्या दप्तरात केळं सडलेलं सापडायचं. पण बाईंनी माझं नाव घेतलं, मी पुढे गेले, आणि त्या दिवसापासून मी खरोखर टापटीप राहायला लागले. वह्यांना कव्हरं घातली. कपाट लावलं. स्वतःचं लावून झालं म्हणून आईचं लावायला घेतलं, आणि साड्यांच्या खाली मला चषकाचा रिकामा खोका मिळाला, आत दुकानाची पावती. आईनेच आणून बाईंना दिला होता. त्या वेळी आतून काय झालं ते मला आजही नेमकं आठवतं: रडू नाही आलं, राग नाही आला, फक्त कानशिलं गरम झाली आणि सगळ्यात आधी प्रश्न पडला की म्हणजे बाकी कुणालाच काही वाटलं नव्हतं का. मी खोका होता तसा ठेवला. आईला कधी विचारलं नाही. चषक मात्र दर रविवारी पुसत राहिले. पुसणं बंद केलं असतं तर तिला कळलं असतं. याच वर्षी आई हॉस्पिटलात होती तो महिनाभर मी रजेवर होते, तेव्हा एका दुपारी ती माझ्याकडे बघत नर्सला सांगत होती, "हिला शाळेत टापटिपीचं बक्षीस मिळालं होतं, बरं का." मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती ते माझ्यासाठी बोलत होती, की स्वतः विसरली होती, की इतक्या वर्षांत तिला ते खरंच वाटायला लागलं होतं, मला ओळखता आलं नाही. आठवड्याने ती गेली. आता ते कुणाला विचारायचं?

घरी मी कार्डं जेवणाच्या टेबलावर मांडली. नवऱ्याने सलाड चिरता चिरता विचारलं, पत्ते खेळतेयस का. मी सांगितलं थोडंसं. तो म्हणाला, "अगं, मग सांग त्याला सापडत नाही म्हणून. तुमच्या ऑफिसात काय कमी गोष्टी सापडत नाहीत?" तो विनोद करतो तेव्हा बहुतेक वेळा बरोबर असतो आणि त्यामुळे जास्त राग येतो. सापडत नाही म्हणून सांगितलं तर काका थांबणार, कुणीतरी बघतंय या भरवशावर आणखी आठ वर्षं, निवृत्त होईपर्यंत, गच्चीचा जिना चढणार. आणि खरं सांगितलं तर? कानशिलं गरम होणं मला माहीत आहे. सातवीतलं सोसलं जातं, पुढे खूप काही असतं. पन्नाशीतल्या माणसाचं काय? शिवाय, हे मी स्वतःशीसुद्धा हळूच म्हटलं, ते थांबले तर माझंच भलं होतं. सोडून जाणाऱ्यांचा आकडा माझ्या नावावर लागतो. संध्याकाळी निघताना साहेब लिफ्टपाशी भेटले होते, त्यांना कुठून तरी कळलं होतं. "हॉस्पिटल नाकारतायत म्हणे? एका कार्डाच्या जोरावर? ह्यालाच म्हणतात एंगेजमेंट, माणूस कंपनीत गुंतणं," ते म्हणाले, आणि वार्षिक सभेत काकांना स्टेजवर बोलवायचं असंही म्हणाले. मी हसले होते. माझं ते हसू मला अजून गालात दुखत होतं. मी कार्डं महिन्यांप्रमाणे लावायला लागले, हाताला काहीतरी काम हवं म्हणून, आणि लावताना मोजली. अकरा निघाली.

मी दहा लिहिली होती. पुन्हा मोजली, अकरा. आईच्या हॉस्पिटलच्या महिन्यात मी एकही लिहिलेलं नव्हतं. पेटी माझ्या सहायक मुलीने उघडली होती आणि कोरं नाव कुणीच नाही असं तिने मला फोनवर सांगितलं होतं, पण तेव्हा मला कानाने ऐकलेलं आत जात नव्हतं. त्या महिन्याचं कार्ड फिकट हिरवं होतं. अक्षर माझ्यासारखंच, म्हणजे माझ्या डाव्या हातासारखं, तसंच उजवीकडे कलंडलेलं, पण जोर जास्त, कागदाच्या मागे उठलेला. 'हे मशिनच्या खोलीत काम करताना शिट्टी फार छान वाजवतात.' मी ते वाचलं आणि क्षणभर जीव भांड्यात पडला: म्हणजे आहे कुणीतरी. खरंच कुणीतरी आहे, मी एकटी नाही. मग हळूहळू सगळं उलटं फिरलं. गच्चीवरच्या त्या खोलीची किल्ली एकाच माणसाकडे असते. दुसऱ्या कुणीही आत जायचं नाही हा नियम मीच काढलाय, नोटीस माझ्याच अक्षरात दारावर आहे, कारण आतला आवाज इतका आहे की कानात बोळे घातल्याशिवाय थांबता येत नाही. तिथे कुणी शिट्टी वाजवली तर ती दाराबाहेरच काय, त्याच्या स्वतःच्या कानापर्यंतसुद्धा पोचत नसेल. मी ते हिरवं कार्ड उपडं करून ठेवलं. मग सुलटं केलं. महिन्याची अखेर आली, भिंतीवर आपलं कार्ड नाही, आणि एक मोठा माणूस कॅन्टीनमध्ये इकडेतिकडे बघत कोरं कार्ड खिशात घालतोय, घरी किंवा वर त्या आवाजात बसून दुसऱ्याचं अक्षर गिरवतोय, हे मला इतकं स्पष्ट दिसलं की मी डोळे मिटले तरी जाईना. आणि लिहायचं काय, तर कधीच कुणी ऐकलं नाही ते. नवऱ्याने ताट पुढे सरकवलं. "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, एक जास्त आहे.

गुरुवार मी काहीही न करता घालवला. दोनदा त्यांना बोलवायला फोन उचलला आणि दोनदा भलत्यालाच लावला. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर ते स्वतःच आले. या वेळी बसले. बुटांवर गच्चीवरची धूळ होती, ती दिसू नये म्हणून पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "सापडला का, मॅडम?" मी बरंच काही ठरवून ठेवलं होतं, वाक्यं पाठ केली होती, ती सगळी ऐन वेळी पसार झाली. मी खणातून एक कोरं कार्ड काढलं, पेन घेतलं, डाव्या हातात धरलं आणि त्यांच्यासमोर लिहायला लागले. 'यांनी हॉस्पिटलची नोकरी घ्यावी.' चारच शब्द, पण फार वेळ लागला. लिहिताना मान वर केली नाही. कार्ड त्यांच्याकडे फिरवून ठेवलं तेव्हा ते त्याच्याकडे नाही, माझ्या हाताकडे बघत होते.

"शिडीखाली कागद पसरतो ते?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"कठड्याचं?"

"तेही. पहिलं मी अहवालासाठी लिहिलं, काका. तुमचं नाव कोरं राहत होतं आणि मला बोलणी बसली असती. ते तुमच्यासाठी नव्हतं. नंतरची होती." हे सांगणं काही आवश्यक नव्हतं, पण एकदा सुरुवात केल्यावर अर्धं ठेवणं मला जमेना. त्यांचे कान लाल झाले. मी तो रंग ओळखते. ते म्हणतील आता, बाकी कुणालाच काही वाटलं नव्हतं का. पण त्यांनी ते विचारलं नाही. मी परत आणून टेबलावर ठेवलेल्या पाकिटाकडे हात नेला, कार्डं बाहेर काढली, पत्त्यांसारखी पसरली, आणि त्यांचं बोट हिरव्या कार्डाच्या शेजारी येऊन थांबलं. त्याला टेकलं नाही.

"सगळी तुमची?"

मला दहा म्हणता आलं असतं. खरं बोलायला बसले होते, तर पूर्ण खरं ते होतं. त्या बोटाचं नख तुटलेलं होतं, खाली काळं वंगण होतं. "अकराच्या अकरा," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात त्यांना काय काय कळलं ते मला दिसत होतं: की हे खोटं आहे, की मला माहीत आहे, की मला माहीत आहे हे आता त्यांनाही माहीत आहे. असं कुणी माझ्याकडे आईनंतर बघितलं नव्हतं, आणि आईनेही ते नर्सच्या निमित्ताने बघितलं होतं. "शिट्टी कुठे ऐकलीत तुम्ही?" ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

"नाही ऐकली," मी म्हटलं. "ऐकायची आहे."

ते उठले. घड्याळात साडेतीन होत होते. "चला मग," म्हणाले, "नंतर मला फोनही करायचाय." मी माझ्याच नोटिशीखालून, माझाच नियम मोडून त्या खोलीत गेले. आत आवाज इतका होता की दात हलल्यासारखे वाटले. मी कानांवर हात ठेवले आणि भिंतीला टेकून उभी राहिले, आणि मला वाटलं की आता हे ओठ गोल करतील, मला काहीच ऐकू येणार नाही, आणि मला पुन्हा एकदा 'छान' म्हणावं लागेल. काकांनी भिंतीवरच्या मोठ्या खटक्याला हात घातला आणि तो खाली ओढला. यंत्र धापा टाकत टाकत थांबलं. इतकी शांतता मी त्या इमारतीत कधी ऐकली नव्हती. खाली सहा मजले, दोनशे दहा माणसं मान वर करून छताकडे बघत असणार. काकांनी रुमालाने ओठ पुसले आणि शिट्टी वाजवायला सुरुवात केली. एक जुनी, संथ चाल होती, मला अर्धवट ओळखीची. ते माझ्याकडे बघत नव्हते, खटक्याकडे बघत होते. माझा फोन थरथरला. मग पुन्हा. 'एसी बंद पडला.' 'काका कुठेत?' 'काकांचा नंबर आहे का कुणाकडे?' 'फ्यूजकाकांना पाठवा प्लीज.' मी फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी वाचलं आणि शिट्टी थांबवली नाही, कडवं पूर्ण केलं.

"कशी होती?"

माझ्या तोंडात 'छान' तयार होतं, चषकासारखं पुसून ठेवलेलं. "दोन ठिकाणी घसरली," मी म्हणाले.

त्यांनी विचार केला आणि मान हलवली. "वर चढताना. तिथे नेहमीच घसरते." मग खिशातून फोन काढला, नंबर लावला, आणि शांत आहे तोवर उरकून घ्यावं तसं सरळ उभं राहून बोलले, "नमस्कार. येतो म्हणून कळवायचं होतं. हो. पहिल्या तारखेला." फोन ठेवला. खटका जरा घट्ट आहे, नव्या माणसाला दाखवून ठेवायला हवं, असं स्वतःशीच म्हणाले, मला कान झाकायची खूण केली आणि दोन्ही हातांनी तो वर ढकलला. यंत्र सुरू झालं. ते पाठमोरे होऊन वंगणाचा डबा शोधायला लागले, आणि बाजूने मला त्यांचे ओठ पुन्हा गोल झालेले दिसले. ऐकू काहीच आलं नाही. मी कान झाकून थोडा वेळ तिथेच उभी राहिले.